‘वाकडा दात’ साभार परत

४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ऐकता कमी आणि बोलता जास्त, म्हणून पत्र. आईचा गुडघा आता बरा आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या की ती कण्हते आणि त्या गेल्या की खुर्चीवर चढून जळमटं काढते. मी रागावले की म्हणते, तुझ्या मामाला कळवू नकोस. म्हणून कळवतेय.

लॅबमध्ये कामाचा रगाडा आहे. सध्या एका ट्रम्पेट वाजवणाऱ्या गृहस्थांची कवळी माझ्या टेबलावर आहे. जेवताना छान बसते, पण फुंकायला गेलं की कडेने हवा जाते, असं त्यांचं म्हणणं. पुन्हा मेण, पुन्हा साचा. आमच्या संध्याकाळच्या पाळीचे प्रमुख मे महिन्यात निवृत्त होतायत आणि ती जागा मालक मला देऊ म्हणतायत. एप्रिलअखेर उत्तर हवंय त्यांना. मान आहे, पण सकाळ आईची आणि घरातल्या कामांची, आणि लिहायला म्हणून जी काय उरते ती संध्याकाळच. ती दिली की लिहिणं संपलं.

आता खरी बातमी. मी ‘वाकडा दात’ नावाची एक कथा मासिकाला पाठवली आहे. तिथून चिठ्ठी आली की मार्चच्या अंकासाठी ती विचारात आहे. कशाबद्दल आहे ते विचारू नका, छापून आल्यावर वाचा. आजवर माझ्या किती कथा परत आल्या ते तुम्हाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. पण मनाशी ठरवलंय मामा, ही शेवटची. छापली तर मालकांना नाही म्हणेन आणि लिहीत राहीन. परत आली तर संध्याकाळची पाळी घेईन आणि शहाण्यासारखी वागेन. हे आईला माहीत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

मामीला नमस्कार. कळावे, लोभ आहे तसाच ठेवावा.

आपली,
टिटवी

११ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि दुकानात जे कुणी होतं त्या सगळ्यांना वाचून दाखवलं. ताईने खुर्चीवर चढणं बंद करावं असं माझ्या नावाने सांग. ऐकणार नाही, पण सांग.

अगं, विचारात आहे म्हणजे झालंच की! तुझं मशीन विचारात आहे असं मी गिऱ्हाइकाला कधी सांगतो? दुरुस्त झालेलं असतं आणि फक्त पुसायचं राहिलेलं असतं, तेव्हा. तू लहानपणी अख्खी आळी डोक्यावर घ्यायचीस म्हणून मी तुला टिटवी म्हणायला लागलो, आता तुझा आवाज छापून येणार. शिंपीणबाईंना मी सांगितलं की भाचीची दातावर कथा येते आहे. त्यांनी लगेच आपल्या दाढेचं दुखणं सांगायला सुरुवात केली. म्हणजे विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे.

मशीन अडण्याआधी तेल घालावं, ही माझी जन्माची सवय तुला ठाऊक आहे. त्या सवयीने मीही माझ्या परीने एक छोटंसं काम करून ठेवलं आहे. काय ते विचारू नकोस. तूही मला कथेचं सांगितलं नाहीस.

मामी विचारते आहे, जेवतेस ना वेळेवर? कळावे. लोभ चालू आहे, पट्टा घट्ट आहे.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

‘वाकडा दात’ काल परत आली. नेहमीची छापील चिठ्ठी, साभार परत. खाली शाईने एक ओळ, शेवट केलेला वाटत नाही. आजवर शाईने कुणी काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी हातात घेतल्यावर क्षणभर आनंदच झाला, आणि मग ओळ वाचली.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, मामा. लाज वाटण्यासारखं मी काही केलं नाही हे कळत होतं, तरी लाजच वाटली. आईने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले. तिने कपाळाला बाम चोळला. कपाळ मुळीच दुखत नव्हतं, तरी बरं वाटलं.

तर आता ठरल्याप्रमाणे. मालक बाहेरगावी गेलेत, आले की होकार सांगून टाकते. प्रमुखांना वेगळं टेबल मिळतं, खिडकीपाशी. दुकानात ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना आता काय सांगायचं ते तुम्ही बघा. माझ्यावर चिडू नका.

कळावे, लोभाला यात काही होऊ नये.

आपली,
टिटवी

२६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. संपादकाला काही कळत नाही. ते असो.

तू शिकलेली आहेस म्हणून एक विचारतो. टपालात टाकलेलं पत्र परत मागवता येतं का? इथल्या टपाल कचेरीतल्या बाईंनी नाही म्हणून सांगितलं, पण त्या मला पूर्वीपासून ओळखतात आणि माझं कुठलंच म्हणणं मनावर घेत नाहीत. समजा, एखाद्याने एखाद्या मासिकाला आगाऊ एखादं पत्र धाडलं असेल, तर संपादक अशी पत्रं वाचतात की तशीच फेकतात? सहज विचारतो आहे.

मामी बरी आहे. मीही तसा बराच आहे. कळावे, लोभ असेल नसेल ते पुढच्या पत्रावर.

तुझा,
मामा

६ मार्च

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

फेकत नाहीत. छापतात.

तुमच्याकडे अंक पोहोचायला वेळ लागेल, म्हणून वाचकांच्या पत्रांतलं पहिलंच पत्र इथे उतरवून देते. “आपल्या मार्चच्या अंकातील ‘वाकडा दात’ ही कथा वाचून धन्य झालो. दातांची निगा हा आपल्याकडे दुर्लक्षित विषय. लेखिकेने तो ज्या तळमळीने मांडला आहे, त्यास तोड नाही. शेवट तर फारच सुंदर. मी लेखिकेला मुळीच ओळखत नाही, परंतु ती लहानपणापासून हुशार असावी व तिचे अक्षरही चांगले असावे. तिच्याकडून आणखी कथा मागवाव्यात ही विनंती. आपला, एक त्रयस्थ वाचक. शिलाई मशीन दुरुस्ती, रविवारी बंद.”

खाली संपादकांची टीप आहे. ही कथा आम्ही छापलेली नाही, पण हे पत्र न छापणं आम्हाला जमलं नाही.

मामा, मार्चच्या अंकाची स्तुती मार्चच्याच अंकात आली आहे! मी प्लास्टरच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं आणि हसून हसून खाली बसले. सगळा पांढरा भुगा अंगावर घेऊन बाहेर आले, तेव्हा मालक समोर. ते नुसते बघत राहिले. कथेत दातांच्या निगेचा एक शब्दही नाही, आणि शेवट सुंदर असल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?

हसून झाल्यावर मात्र मला तुमचा हेवा वाटला, हेही लिहून टाकते. मी इतकी वर्षं ते दार ठोठावतेय आणि तुम्ही चुकून आत जाऊन बसलात. रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. कथा परत आल्याचंही सांगितलं. ती आधी तुमच्या पत्राला हसली आणि मग माझ्याकडे बघून तिने पानात आणखी एक पोळी वाढली.

मालकांना होकार अजून सांगितलेला नाही. सांगायला गेले की ते फोनवर असतात. खरं म्हणजे ते फोनवर असले की मी जाते.

कळावे, लोभ असू द्या, पण यापुढे माझ्या माहितीने करा.

आपली,
टिटवी

१४ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

चुकलो. कान धरतो. मला वाटलं, कथा आणि स्तुती एकदमच तिथे पोहोचलेली बरी. आता तो विषय संपला.

अंक आला! दुकानात अंक उघडा करून ठेवला आहे. शिंपीणबाईंनी वाचला, समोरच्या किल्लीवाल्याने वाचला, टपाल कचेरीतल्या बाईंनी तर दोनदा वाचला. किल्लीवाला म्हणाला की माझ्या लिहिण्यात एक धार आहे. तुला सांगतो, मलाही ते जाणवलं. तेव्हा मी एक लेख लिहायला घेतला आहे. नाव ‘सुई आणि मी’. खालच्या दोऱ्याच्या बॉबिनपासून सुरुवात केली आहे आणि हळूहळू माणसाच्या आयुष्यावर येतो आहे. त्याच मासिकाला धाडीन म्हणतो. साभार परत वगैरे माझ्या बाबतीत व्हायचं नाही, कारण संपादक आता मला ओळखतात.

तू मनाला लावून घेऊ नकोस. परत येणं काही एवढं मोठं नसतं. माणसाने विसरून जावं आणि कामाला लागावं.

कळावे. लोभ आहेच, सध्या वेळ कमी आहे.

तुझा,
मामा (लेखनात)

८ एप्रिल

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

मी मामी. मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत.

तुझ्या मामांचा लेख परत आला. तेव्हापासून घरात कुणी गेल्यासारखं वातावरण आहे. दोन दिवस दुकान उघडलं नाही. शिंपीणबाई आपलं मशीन नेऊ का म्हणून विचारायला आल्या, तर आतूनच सांगितलं की नेलं तरी चालेल, नाहीतरी मला काही येत नाही. जेवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, बॉबिनचा भाग लांबला का गं? मी म्हटलं, मी वाचलाच नाही. तर म्हणाले, वाचू नकोस. मग मी वाचला नाही म्हणून रुसले. ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात आणि मी बघत नाही असं वाटलं की काढून वाचतात. छापील चिठ्ठी गं, तिच्यात वाचण्यासारखं काय आहे?

काल भांडी पुसता पुसता माझ्या मनात आलं की यांचं एकच परत आलं तर हे असं. तुझं इतक्यांदा परत आलं म्हणतात. तू तर दर सुट्टीत इथे हसतखेळत येत होतीस, मशीनखाली पडलेल्या सुया चुंबकाने वेचत बसायचीस, आणि आम्हा कुणाला पत्ताही लागला नाही. त्यातल्या एखाद्या सुट्टीत तुझ्या पिशवीत ती चिठ्ठी असेलच. मला फार वाईट वाटलं. तेव्हाच तुला जवळ घ्यायला हवं होतं.

तर दोन गोष्टी कळव. एक, अशा वेळी माणसाने करायचं काय असतं? तुला माहीत असणार. दुसरी, तुझी ती दाताची कथा पाठव. आमच्या घरातून तिची एवढी स्तुती झाली आणि वाचली एकानेही नाही. मला हे बरं दिसत नाही.

तुझ्या आईला नमस्कार. कळावे, आणि खात जा.

तुझी,
मामी

१३ एप्रिल

ती. स्व. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा घरात मी एकटीच होते, ते बरं झालं. मग चहा केला, आणि आता लिहायला बसलेय.

मामांना सांग, पहिल्या दिवशी काही करायचं नसतं. वाईट वाटू द्यायचं. दुकान बंद ठेवलं तरी हरकत नाही, पण जेवायचं पोटभर, उपाशीपोटी चिठ्ठी जास्त लागते. ती पुन्हा पुन्हा वाचायची नाही. तिच्यात आपल्याविषयी काही लिहिलेलं नसतं, आणि आपण मात्र दर वेळी नवीन काहीतरी शोधून काढतो. म्हणून तू ती खिशातून काढून घे आणि शर्ट धुवायला टाक. संपादकांना उलट पत्र अजिबात नाही. मामांच्या बाबतीत हे मी दोनदा सांगते, अजिबात नाही. भेटेल त्याला आपला लेख कसा चांगला आहे हेही सांगत सुटायचं नाही, किल्लीवाल्याला तर मुळीच नाही.

मग आठवडाभर दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करायची. आणि एक दिवस अचानक, कामात असताना, कुठे अडलं ते आपोआप कळतं. आमच्याकडे ते ट्रम्पेटवाले गृहस्थ आहेत ना, त्यांची कवळी परत आली की आधी मला त्यांचाच राग येतो. माणूसच विचित्र आहे असं वाटतं. दोन-चार दिवसांनी तोच साचा हातात घेतला की कडेचा उंचवटा बोटाला लागतो. तो आधीपासून तिथेच असतो. कधी कधी मात्र उंचवटा सापडतच नाही. काम बरोबर असतं आणि तोंड दुसऱ्या कुणाचं तरी असतं. तेव्हा घासायचं नाही, दुसरीकडे पाठवायचं.

आणि हो मामी, बॉबिनचा भाग लांबला असणार. पण ते त्यांचं त्यांनाच कळू दे.

हे सगळं भराभर लिहून झालं आणि मी थांबले. मला वाटायचं की इतक्या वर्षांत मला काहीच जमलं नाही. हे तरी चांगलंच जमलेलं दिसतंय. नाकारलं गेल्यावर जेवायचं, झोपायचं, आणि पुन्हा लिहायला बसायचं, हे मी कुठे शिकले ते आठवत नाही, पण शिकलेय. मालकांकडे मी अजून गेलेले नाही. महिना संपेपर्यंत वेळ आहे.

कथा सोबत पाठवतेय. घरातल्या कुणी वाचायला मागण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे लिफाफा बंद केला, उघडला आणि पुन्हा बंद केला. आवडली नाही तर तसंच सांग. माझ्याकडे उपाय तयार आहेत, वर लिहिलेच आहेत.

कळावे, मामांना सांभाळ, आणि लोभ आता तुझ्याकडूनही येतोय तो येत राहो.

तुझी,
टिटवी

२४ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

दुकान उघडलं आहे. ‘सुई आणि मी’मधलं बॉबिन पूर्ण काढून टाकलं. मामीला विचारू नकोस, ते माझं मलाच कळलं. लेख दुसरीकडे धाडला आहे. पण पत्र त्यासाठी नाही.

तुझ्या कथेने आमच्या घरात भांडण लावलं आहे. मामीने दुकानात बसून ती मोठ्याने वाचली. मी शिंपीणबाईंच्या मशीनखाली होतो आणि वाचून होईपर्यंत बाहेर यायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या म्हाताऱ्याची बायको म्हणते ना की ही नवी कवळी तुमची नाही, यात तुमचं हसूच नाही, समोरचा वाकडा दात होता तसा बसवून आणा, तेव्हा मला राहवेना. तसाच तेलकट हातांनी बाहेर आलो. अगं, त्या माणसाने जन्मभर तो वाकडा दात ओठाखाली लपवला, फोटोत कधी तोंड उघडलं नाही. आता कुठे सरळ दात मिळाले आणि बाई म्हणते जुनाच आण! ही कुठली रीत? घालू दे की त्याला सरळ.

तर मामी म्हणाली की तोंड त्याचं असलं तरी रोज समोर बसून बघायचं तिने. आपलं माणूस ओळखू येईनासं झालं तर तिने काय करायचं? मी म्हटलं, सवय होते. ती म्हणाली, तुम्हाला काय कळतंय. त्यावर शिंपीणबाई तिच्या बाजूने, किल्लीवाला माझ्या बाजूने. दोन दिवस हेच चाललं आहे. काल संध्याकाळपासून मामी माझ्याशी मीठ हवं का एवढंच बोलते आहे. मी आरशात माझे दात पाहिले. माझाही खालचा एक जरा तिरका आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. तिला ठाऊक होतं.

आणि तू त्या म्हाताऱ्याला दोन्ही कवळ्या पुढे ठेवून लॅबमध्ये उभा केलास आणि गोष्ट संपवलीस! हे चालायचं नाही. तो कोणती घालून घरी गेला ते ताबडतोब कळव. सरळ दातांचीच घालून गेला असणार. घरात शांतता होण्यासाठी उत्तराची गरज आहे.

कळावे. लोभ माझ्या बाजूने कायम, मामीचं तिला विचार.

तुझा,
मामा

ता. क. – मामी लिहिते आहे. वाकड्या दाताचीच घालून गेला. ते दारात आल्याबरोबर ती हसली असणार, हे मला दिसतंय. यांना सांगू नकोस, पण ती गोष्ट मी एकटीने आणखी एकदा वाचली. दुसरी असेल तर पाठव.

३० एप्रिल

ती. स्व. मामा आणि मामीस,
सा. न. वि. वि.

पत्र लॅबच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत. वाचलं आणि तशीच मालकांकडे गेले. ते फोनवर होते. फोन संपेपर्यंत उभी राहिले आणि संध्याकाळची पाळी मला नको म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, संध्याकाळी मला काम असतं. कसलं काम, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, लोकांच्या घरात भांडणं लावायचं. ते माझ्याकडे प्लास्टरच्या दिवशी बघत होते तसेच बघत राहिले आणि मग खिडकीपाशी बसायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला गेले. मला मुळीच वाईट वाटलं नाही. घरी येताना मी चक्क गाणं म्हणत होते, आईने गॅलरीतून ऐकलं.

शेवट केलेला नाही, हे संपादकांचं म्हणणं खोटं नाही. तो मी केलेलाच नाही. मला आवडतो तसाच. कथा आज दुसऱ्या मासिकाला पाठवली, एक शब्दही न बदलता. बहुतेक परत येईल. आली की दुपारी पोटभर जेवीन आणि तुम्हाला कळवीन, आता लपवायचं कारण नाही. दुसरी कथा सोबत आहे. तिसरीची दोन पानं कालच झाली.

तो म्हातारा कोणती कवळी घालून घरी गेला, ते मला माहीत नाही. लिहिताना मी त्याच्याबरोबर लॅबच्या दारापर्यंतच गेले होते. पुढे तुम्ही दोघं गेलात. मामा, तुम्हाला सरळ दात दिसले आणि मामी, तुला ती दारात हसताना दिसली, यातलं एकही मी लिहिलेलं नाही. माझ्या कथेतल्या माणसांवरून कुणाच्या घरात अबोला धरला जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत मला याहून मोठं काही मिळालेलं नाही.

तेव्हा मामीशी बोला, मीठ मागा, पण भांडण एवढ्यात मिटवू नका.

कळावे, लोभ दोघांनी वेगवेगळा करावा.

आपली,
टिटवी